माल गरम भरला तर रीफर काय करणार? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फळांचा आमचा पहिलाच कंटेनर बाहेरदेशी जातोय. आमचं कोल्ड स्टोरेज छोटं आहे, सगळा माल आधी थंड करणं जमणार नाही. फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतो तसाच भरा, रीफर (माल गार ठेवणारा कंटेनर) दोन दिवसांत थंड करून टाकेल. खरंय का हे?

नाही, आणि प्लीज असं करू नका. रीफरचं मशीन असतं ते आलेला थंडावा टिकवायला, गरम माल थंड करायला नाही, त्याची ताकदच तेवढी नसते. बाहेरून भिंतीतून जी उष्णता आत येते ती आणि फळं स्वतः जी उष्णता सोडतात ती बाहेर फेकायची, एवढ्या हिशोबाने ते बनवलेलं असतं. फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं आणि जेवढं गरम तेवढा श्वास जोरात, म्हणजे गरम भरलेला माल आतल्या आत अजून उष्णता तयार करत बसतो. पॅलेटच्या (कार्टन रचायच्या फळीच्या) मधले कार्टन तर कित्येक दिवस गरमच राहतात, आणि फसवणूक अशी की डिस्प्लेवर आकडा बरोबर दिसतो, कारण मशीनमधून निघणारी हवा लगेच सेट पॉइंटला, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाला येते. ती हवेची गोष्ट झाली, फळाची नाही.

म्हणून भरायच्या आधी पल्प टेंपरेचर, म्हणजे फळाच्या आतल्या गराचं तापमान घ्या. टोकदार थर्मामीटर फळात खुपसून, वेगवेगळ्या पॅलेटमधून, मुख्यतः मधल्या कार्टनमधून, आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. जागा कमी असेल तर माल दोन टप्प्यांत थंड करा, कंटेनर एक दिवस उशिरा भरला तरी चालेल.

काहीजण याच्या उलटं करतात, रिकामा कंटेनर आधी गार करून ठेवतात आणि मग उघड्या आवारात दार उघडून माल भरत बसतात. बाहेरची दमट हवा आत शिरते, भिंती-जमिनीवर पाणी सुटतं, कार्टन ओले होऊन बसतात, कॉइलवर (मशीनच्या गार नळ्यांवर) बर्फ चढतो आणि मशीन पहिल्याच दिवशी धापा टाकायला लागतं. कोल्ड स्टोरेजचं दार आणि कंटेनरचं दार मध्ये फट न ठेवता जोडलं जात असेल तरच आधी गार करा. नाहीतर नाही, आणि भरताना मशीन बंद ठेवा.

प्रश्न: फ्रोझन आणि ताजा माल भरण्यात नक्की काय फरक करायचा? आमचे लोडर दोन्ही सारखंच भरतात.

इथेच सगळ्यात जास्त माल खराब होतो असं माझं ठाम मत आहे, मशीन बिघडून होत नाही तेवढा. रीफरमध्ये थंड हवा खालून येते, जमिनीवर ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांच्या मधून दारापर्यंत जाते, वर चढते आणि छताखालून मशीनकडे परत येते. ही फेरी पूर्ण झाली तरच थंडावा. आत भिंतीवर लाल रेष असते, तिच्या वर एक कार्टनही चढवू नका, परत जाणाऱ्या हवेचा रस्ता तोच आहे. दाराच्या बाजूलाही माल जमिनीच्या पट्ट्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

फ्रोझन माल उष्णता तयार करत नाही, त्यामुळे तो एकमेकाला चिकटवून एकसंध रचायचा, हवा त्याच्या सगळ्या बाजूंनी फिरली की झालं. ताज्या फळं-भाज्यांचं वेगळं, तिथे हवा मालाच्या आतून जायला पाहिजे, म्हणजे कार्टनला खाली-वर भोकं पाहिजेत आणि एकावर एक रचल्यावर ती भोकं एका रेषेत यायला पाहिजेत. कार्टन आडवा-तिडवा फिरवून रचला की रचाई मजबूत होते पण भोकं बंद. पॅलेटला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं तर तेच. आणि जमिनीचा एखादा भाग उघडा राहिला तर हवा तिथूनच सरळ वर निघून जाते, बाकी मालाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून रिकामी जागा पुठ्ठ्याने झाकायची.

हवेचा हा प्रश्न काही आजचा नाही. १८८२ मध्ये डनेडिन नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन ९८ दिवसांत लंडनला पोचलं. वाटेत लक्षात आलं की आत थंड हवा नीट फिरत नाहीये, तेव्हा कप्तान स्वतः आत सरपटत गेला हवेसाठी जादा भोकं पाडायला आणि एवढा गारठला की त्याला दोराने ओढून बाहेर काढावं लागलं. माल मात्र चांगला पोचला.

प्रश्न: व्हेंट उघडा ठेवायचा की बंद?

व्हेंट म्हणजे कंटेनरची हवा आत-बाहेर करणारी झडप. फ्रोझनला बंद, यात चर्चाच नाही. ताज्या मालाला बहुतेक वेळा उघडा, कारण कार्बन डायऑक्साइड आणि इथिलीन बाहेर जायला पाहिजे, इथिलीन साठलं की फळं वाटेतच पिकतात. बुकिंगमध्ये व्हेंट किती टक्के उघडा असं लिहू नका, मशीन बदललं की तेवढ्याच टक्क्यांत वेगळी हवा येते, ताशी किती घनमीटर हवा पाहिजे ते लिहा. कंट्रोल्ड अॅटमॉस्फिअरचा कंटेनर असेल तर मात्र ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तिथे कंपनी देईल तेच सेटिंग. आणि दार उघडल्यावर लगेच आत कोणाला पाठवू नका, त्या हवेत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

प्रश्न: सेट पॉइंट देताना काय जपायचं? आणि आता मायनस १८ ऐवजी मायनस १५ चालतं असं ऐकलं, आम्हीही करावं का?

पहिलं म्हणजे मायनस. छोटी आडवी रेघ कुठल्या तरी ईमेलमध्ये गळते आणि मायनस १८ चं प्लस १८ होतं, म्हणून "उणे" किंवा "मायनस" असं अक्षरी पण लिहा. दुसरं म्हणजे सेल्सिअस की फॅरेनहाइट. ० फॅरेनहाइट म्हणजे जवळपास मायनस १८ सेल्सिअस, आणि कोणी ते शून्य सेल्सिअस समजून लावलं तर फ्रोझन माल बंदर सोडायच्या आत संपला. ताज्या मालात उलटा धोका, थोडं जास्त गार झालं तरी नुकसान. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळपट पडते आणि मग ती नीट पिकतच नाहीत.

मायनस १५ ची चर्चा खरी आहे, वीज वाचते म्हणून २०२३ च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेच्या वेळी काही मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी एकत्र येऊन मोहीम सुरू केली. पण युरोपियन युनियनचा क्विक फ्रोझन मालाचा १९८९ चा नियम मायनस १८ मागतो, वाहतुकीत थोड्या वेळापुरती ३ अंशांपर्यंतची वाढ तेवढी चालवून घेतो. तुमचा करार आणि तिकडचा कायदा मायनस १८ म्हणत असेल तर मायनस १८ च.

प्रश्न: ग्राफमध्ये दिवसातून काही वेळा तापमान एकदम वर गेलेलं दिसतंय. खरेदीदार म्हणतो माल वितळला. काय उत्तर देऊ?

आधी उड्या कशा आहेत ते बघा. ठरावीक अंतराने, थोडा वेळ वर आणि लगेच खाली, असं असेल तर ते डीफ्रॉस्ट. कॉइलवर जमलेला बर्फ काढायला हीटर लागतो, पंखे थांबतात, आणि सेन्सर तिथेच जवळ असल्यामुळे त्याला ती गरमी दिसते. मालाचं तापमान तेवढ्या वेळात फारसं हलत नाही. काळजीचं चित्र वेगळं असतं, तास न् तास वीज नाही, रेकॉर्डमध्ये खंड आहे, आणि नंतर आकडा हळूहळू खाली येतोय. हे बहुतेक जहाजावर नाही तर यार्डात प्लग काढून ठेवल्यावर किंवा जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) न लावता ट्रक निघाल्यावर होतं. म्हणून स्वतःचा डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) ठेवाच, तोही भिंतीला नाही तर कार्टनच्या आत, आणि एक तरी दाराकडच्या मालात.

प्रश्न: माल खराबच पोचला तर क्लेमसाठी काय लागतं?

उतरवायच्या आधी दार उघडल्याबरोबर फोटो, मग मालाचं तापमान, मग सर्वेयर (नुकसान तपासणारा माणूस). फ्रोझन पाकिटात आत मोठे बर्फाचे खडे किंवा कार्टन तळाशी ओले होऊन परत गोठलेले दिसले तर त्यांचे जवळून फोटो घ्या, मध्ये माल वितळल्याची ती खूण आहे. मशीनच्या कंट्रोलरमधला डेटा लगेच लेखी मागा. हेग-व्हिस्बी नियम (समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील तर दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस डिलिव्हरीच्या वेळीच, न दिसणाऱ्याची ३ दिवसांत आणि दावा १ वर्षाच्या आत.

शिपिंग लाइन म्हणणार की तुम्ही सांगितलेला सेट पॉइंट आम्ही पाळला, माल भरताना कसा होता ते आम्हाला माहीत नाही. तेव्हा वर सांगितलेली पल्प टेंपरेचरची नोंद आणि भरतानाचे फोटो काढा बाहेर. ते नसतील तर बोलणंच खुंटतं. आणि विम्याची पॉलिसी माल निघायच्या आधी वाचा, काही पॉलिसीत मशीन सलग २४ तास बंद पडलं असेल तरच पैसे मिळतात. मशीन चालू होतं पण हवाच फिरली नाही, हे त्यात बसत नाही.