दाताचा पल्प वाचवायचाय? मटेरियल नंतर, आधी रक्त बघ

अरे, एमटीए घेऊ की बायोडेंटिन (उघड्या पल्पवर लावायची दोन सिमेंटं) हा प्रश्न नंतरचा, आधी पल्प, म्हणजे दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ भाग, उघडा पडल्यावर रक्त थांबतंय का ते बघ. रबर डॅम (लाळ दातापासून लांब ठेवणारा रबरी पडदा) हवाच, त्यात तडजोड नाही. हायपोक्लोराइटमध्ये (जंतू मारणारं द्रावण) भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने ठेव, दाबून धरू नको, 5-10 मिनिटं दम धर. थांबलं तर पुढे जा, नाही थांबलं तर अजून 2 मिमी पल्प काढ आणि परत बघ, कारण आतून सुजलेल्या पल्पवर कितीही भारी सिमेंट लावलंस तरी ते टिकणार नाही.

आता मटेरियल. कॅल्शियम हायड्रॉक्साइड स्वस्त, पण हळूहळू विरघळतं आणि त्याखालच्या डेंटिन ब्रिजमध्ये (पल्पवर नव्याने बनणारा कठीण थर) बारीक बोगदे राहतात. एमटीएचं सील मस्त, पण जुना फॉर्म्युला सेट व्हायला पावणेतीन तास घेतो आणि बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळपट पडतो, म्हणून समोरच्या दातात मी तरी नाही वापरत. बायोडेंटिन साधारण 12 मिनिटांत सेट होतं. कॅप्सूल आधी टिचकी मारून पावडर मोकळी कर, मग त्यात द्रवाचे मोजून 5 थेंब, एक जरी जास्त पडला तर लगदा होतो. एक्सरेत ते पुसट दिसतं, घाबरू नको.

आणि हो, रिजनरेशनचे (पल्प परत उगवण्याच्या उपचाराचे) फोटो बघून हुरळून जाऊ नको, पल्प मेलेल्या, मूळ अजून पूर्ण न वाढलेल्या कच्च्या दातात रक्ताची गुठळी आणून मूळ वाढतं कधीकधी, पण आत बहुतेक वेळा सिमेंटम (मुळावरच्या कठीण आवरणासारखा थर) किंवा हाडासारखं काहीतरी तयार होतं, खरा पल्प नाही, हे पेशंटच्या घरच्यांना आधीच सांगून ठेव.