शाळेच्या फाटकासमोरचा धूर

प्रश्न : आमच्या मुलीची शाळा पुण्यात एका अरुंद रस्त्यावर आहे. शाळा सुटताना व्हॅन, बस आणि पालकांच्या मोटारी इंजिन सुरू ठेवूनच फाटकाला लागून उभ्या असतात. मुलीला दम्याचा त्रास आहे. व्हॅनकाकांना विनंती केली, तर ‘बंद करून पुन्हा सुरू केली की पेट्रोल जास्त जळते, आणि पीयूसी तर आहेच’ असे ते म्हणतात. काय करावे?
— एक पालक, पुणे

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा श्वासावाटे घेतात, त्यांच्या फुप्फुसांची वाढ अजून व्हायची असते आणि त्यांचे नाक धुराच्या नळीपासून फारसे उंच नसते. या धुरात नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण असतात, ज्यांनी दमा बळावतो. डिझेलच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे.

पेट्रोल जास्त जळते हा समज कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातला आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल, तर ती बंद करण्यातच इंधन वाचते. पीयूसीचे म्हणाल, तर ते प्रमाणपत्र त्या एका गाडीचा धूर तपासणीच्या वेळी ठरलेल्या मर्यादेत होता एवढेच सांगते. अरुंद रस्त्यावर एकामागे एक उभ्या राहिलेल्या गाड्यांचा धूर मिळून मुलांच्या छातीत किती जातो, याचा हिशेब त्यात नसतो. न्यूयॉर्क शहरात गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवण्यास एरवी तीन मिनिटांची मुभा असली, तरी शाळेलगत ती एकाच मिनिटाची आहे.

मात्र एकट्या व्हॅनकाकांशी वाद घालून हे सुटणार नाही, असे मला वाटते. फाटकाजवळची जागा मिळावी म्हणून ते लवकर येतात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसवत नाही म्हणून एसी चालू ठेवतात. म्हणून हा विषय शाळेच्या परिवहन समितीपुढे लेखी मांडा. महाराष्ट्राच्या स्कूल बसविषयक २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत अशी समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांनाही स्थान असते. प्रत्येक व्हॅनला ठरलेली जागा, शक्यतो फाटकापासून दूर. चालकांना बसायला सावली. आणि वर्ग थोड्या थोड्या अंतराने सोडणे, एवढ्या तीन मागण्या पुरेत. पालकांच्या मोटारींनाही हाच नियम लागू असावा, नाहीतर चालकांना तो अन्यायच वाटेल.

तोवर मुलीला फाटकाशी उभे न करता, व्हॅन येईपर्यंत आतल्या पटांगणात थांबवावे, असे वर्गशिक्षिकांना सांगून ठेवा. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर तिच्या दप्तरात असू द्या आणि तो कुठल्या कप्प्यात आहे, हे व्हॅनकाकांनाही दाखवून ठेवा.