काळा खडू

"मॅडम, सहा वर्षांची आहे. घर काढते, झाड काढते आणि मग सगळ्यावर काळा खडू फिरवते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या." गेल्या आठवड्यात एक आई मोबाइलमध्ये अकरा चित्रांचे फोटो घेऊन आली होती. तिच्या मनातला प्रश्न शेवटी, दाराशी उभी राहिल्यावर बाहेर आला: "कुणी तिला काही केलं तर नसेल ना?"

चित्रांच्या मदतीनं समुपदेशन करायला लागून मला अठरा वर्षं झाली. महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, आणि दरवेळी मला दोन मुलं आठवतात. दोघांचीही ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

पहिला आठ वर्षांचा मुलगा. माझं कामाचं दुसरंच वर्ष, म्हणजे आत्मविश्वास भरपूर. त्याचे आई-बाबा वेगळे राहत होते. त्यानं तेलखडू मोडेस्तोवर दाबून सगळा कागद काळा केला. पाऊण तास संपला होता, पुढचं कुटुंब बाहेर बसलेलं. मी कागद काढून घेतला आणि नोंदीत लिहिलं, 'दडपलेला राग, निराशा'. त्याच्या आईला म्हटलं, "जरा गंभीर दिसतंय." त्या बिचारीनं त्या रात्री नवऱ्याला फोन करून कडाक्याचं भांडण केलं.

पुढच्या खेपेला तो आल्या आल्या म्हणाला, "ताई, माझा कागद द्या. अर्धा राहिलाय." कंपासपेटीतून त्यानं कर्कटक काढलं आणि काळ्यावर ओरखडे मारायला लागला. खालून पिवळा, गुलाबी, पोपटी रंग निघत गेले. जत्रेतला आकाशपाळणा होता तो. चित्रकलेच्या सरांनी वर्गात ही युक्ती शिकवली होती. खालचे रंग त्यानं लावले, तेव्हा मी बाहेर त्याच्या आईशी बोलत उभी होते!

राग त्याला होताच. तो चार महिन्यांनी कळला, शाडूच्या मातीशी खेळताना, त्याच्याच तोंडून. पण त्या आईला मी जे सांगितलं होतं, तो निव्वळ अंदाज होता. तेव्हापासून मूल "झालं" म्हणेपर्यंत मी कागदाला हात लावत नाही, आणि कागदामागे तारीख आणि मुलाचे स्वतःचे शब्द लिहिते. माझं मत त्या पानावर नसतं.

चित्रावरून माणूस ओळखायचा मोह जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांची 'माणूस काढ' चाचणी १९२६ची, तिथल्याच जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी १९४८ची. पण काळा म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असा शब्दकोश करून एखाद्या मुलाला लावता येत नाही. चित्रोपचाराची अमेरिकेत पायाभरणी करणाऱ्या मार्गारेट नौमबर्ग यांचाही भर चित्राचा अर्थ ते चित्र काढणाऱ्याकडूनच यावा यावर होता. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

दुसरी मुलगी नऊ वर्षांची. शाळेत बोलणं बंद झालं म्हणून आणलेली. चित्र मात्र आपण सगळ्यांनी काढलेलं: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, कौलारू घर, नारळाचं झाड. सात आठवडे तेच! घरचे खूश, चित्रं नातेवाइकांच्या ग्रुपवर जात होती. (हे कृपया करू नका. मुलाला विचारल्याशिवाय तर नाहीच.) चित्र इतकं हसरं की काळजी कुणाला वाटावी?

आठव्या खेपेला मी विचारलं, "या घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं?"

"आजी उठायची."

'उठायची'. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सगळे म्हणतात ती गावाला राहिलीय. पण तिचा चष्मा आमच्याकडेच आहे." आजी पाच महिन्यांपूर्वी गेली होती. लेकीला त्रास नको म्हणून घरात कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मोठ्यांना त्रास नको म्हणून तिनंही विचारलं नव्हतं. आई-बाबांनी तिला खरं काय ते सांगावं, म्हणून त्यांना तयार करण्यात पुढचे तीन आठवडे गेले. सगळ्यात अवघड काम तेच होतं.

म्हणून परवाच्या त्या आईला मी रंगाबद्दल काहीच सांगितलं नाही. झोप किंवा भूक बिघडणं, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, एखाद्या माणसाची किंवा जागेची अचानक बसलेली भीती, यांतलं काही आहे का, एवढं विचारलं. असेल तर उशीर न करता बालमानसतज्ज्ञांकडे जायचं. मुलाला कुणी इजा केल्याची शंका असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. त्यासाठी चित्रातून पुरावा मिळायची वाट पाहायची नाही. तिच्या मुलीत यांतलं काही नव्हतं.

"मग घरी काय करू?"

शेजारी बसा. "हे काय काढलंस?" असं दरडावून विचारू नका, "मला सांगतेस याच्याबद्दल?" असं विचारा. नाही सांगितलं तरी चालेल. आणि काळा खडू संपत आला असेल, तर नवा आणून द्या.