छळ दुसऱ्याचा, झोप आपल्या मुलाची उडालेली

"मॅडम, याला शाळेत कुणी त्रास देत नाही. मग हा असा गप्प का? रात्री झोपत का नाही?" ही चिंता घेऊन पालक माझ्याकडे वारंवार येतात. वर्गात एकाचा छळ होतो तेव्हा तो रोज बघणारी मुलंही आतून पोखरली जातात, हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नववीतला असाच एक मुलगा. पहिल्या काही भेटींत तो फक्त अभ्यासाबद्दल बोलला. मग एकदा मान खाली घालून म्हणाला, "वर्गात एक जण अडखळत बोलतो. तो वाचायला उभा राहिला की मागची पोरं नक्कल करतात. सगळे हसतात. मीपण. मी नालायक आहे."

"का हसतोस?"

"नाही हसलो तर उद्या माझा नंबर लागेल."

"हसताना आत काय होतं?"

"पोटात कसंतरी होतं."

"ते शेजारच्याला दिसतं?"

"नाही. त्याला मी हसतानाच दिसतो."

"आणि त्याच्या पोटात काय होतं, ते तुला दिसतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हणजे त्यांच्यातही माझ्यासारखे असतील?"

मी उत्तर दिलं नाही. ते त्याचं त्याला सापडलं होतं, आणि मुलाला स्वतः सापडलेलंच टिकतं असा माझा अनुभव आहे. अख्खा वर्ग त्रास देणाऱ्यांच्या बाजूनं आहे असं तो धरून चालला होता. खरं तर बाकीचेही एकमेकांची तोंडं बघून हसत असणार. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला होता. खोलीत धूर शिरला की एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जण बाहेर जाऊन सांगत. सोबत संशोधकांनीच बसवलेले दोघे ठरवून शांत राहिले, तर फक्त १० टक्के. मोठी माणसं अशी वागतात, तर नववीतल्या मुलाला भित्रा कसं म्हणायचं?

'नालायक'चाही हिशोब आम्ही केला. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मानणारी आहे: वागणं चुकीचं ठरवावं, अख्खा माणूस नाही. "हसलो ते चुकलं" म्हणणाऱ्याला उद्या वेगळं वागता येतं. "मी नालायक" म्हणणारा तिथेच बसून राहतो, आणि त्या अडखळणाऱ्या मुलाच्या वाट्याला काहीच येत नाही.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तो त्या मुलाशेजारी जाऊन बसला. नंतर एका मित्राला घेऊन वर्गशिक्षकांशी बोलला. कॅनडात शाळेच्या मैदानांवरच्या चित्रीकरणाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बघणाऱ्यांपैकी कुणी मध्ये पडलं की निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांत थांबत होता. मात्र मारामारी असेल तर मुलानं एकट्यानं मध्ये पडू नये, लगेच शिक्षकांना बोलवावं.

पालकांनो, "तुला काय करायचंय, अभ्यास कर" असं कृपा करून म्हणू नका. "तू का नाही अडवलंस?" हेही नको, तो प्रश्न मूल स्वतःला रोज विचारतच असतं. "तू काय पाहिलंस?" एवढंच विचारा आणि पूर्ण ऐका. मग "त्याच्यासाठी तुला झेपेल असं काय करता येईल?" हे दोघं मिळून ठरवा. शाळेशी तुम्ही स्वतः बोलणार असाल, तर मुलाला आधी सांगा.