अलिबागजवळचं जुनं चौल बंदर खरंच समुद्रात बुडालं का?

नाही. समुद्राने चौल गिळलं नाही, उलट समुद्रच चौलपासून दूर गेला. कुंडलिकेच्या खाडीत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, मोठी गलबतं आत येईनाशी झाली आणि बंदराचा जीव गेला.

‘तीनशे साठ देवळं, तीनशे साठ तळी, सगळं दर्यानं घेतलं’ असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. आकडा मोजून कुणी सांगत नाही, पण त्यामागची आठवण खोटी नाही. इथे खरंच मोठं शहर होतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोकणातल्या शिलाहार राजांच्या काळात, अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. तो या बंदराला ‘सैमूर’ म्हणतो आणि इथे दहा हजार मुसलमान राहतात असं लिहितो. म्हणजे दर्यापारचे व्यापारी इथे घरं करून राहिले होते!

याचा पुरावा बघायला पाण्यात बुडी मारायची गरज नाही. सुपारीच्या वाडीत आळं खणताना खापरं वर येतात. एखाद्यावर निळसर-हिरवी काचेसारखी चकाकी असते, बोट फिरवलं की गुळगुळीत लागते. ही भांडी इराणच्या आखाताकडून आलेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खननही केलंय, त्यात थेट सातवाहन काळापर्यंतचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले.

असं खापर सापडलं तर कृपया घरी नेऊ नका. कुठे, किती खोल सापडलं हे कळलं तरच ते अभ्यासकाशी बोलतं.