इंग्रजीत परभाषांतले शब्द नेमके कसे आले?

1066 साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली, आणि त्याची खूण आजही ताटात दिसते: गोठ्यातल्या गाईला 'काऊ' हे मूळचे इंग्रजी नाव, तर तिच्या शिजवलेल्या मांसाला 'बीफ' हे फ्रेंचमधून आलेले. त्याआधी स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांकडून 'स्काय', 'एग' आणि चक्क 'दे' (they, म्हणजे 'ते') हे सर्वनामही आले. भाषा सर्वनामे सहसा उसनी घेत नाहीत, म्हणून मला ही उसनवारी सर्वांत विलक्षण वाटते. पुढे विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून, व्यापाऱ्यांनी दूरदेशींहून शब्द आणले. 'मंगूज' हे तर आपले मुंगूसच. ज्याचे अनेकवचन 'गीस' होते त्या 'गूस' या पक्ष्याच्या नावाशी त्याचे नाते नसल्याने त्याचे अनेकवचन 'मंगूजेस' होते, 'मंगीज' नव्हे.