वाचकांचे प्रश्न : व्हॉडव्हिलमध्ये ॲक्ट पडला, हे कसे कळायचे?

प्रश्न : जुन्या अमेरिकन चित्रपटांत आणि व्यंगचित्रांत व्हॉडव्हिलचा, म्हणजे गाणी, नाच, विनोद, कसरती अशा एकामागून एक येणाऱ्या छोट्या सुट्या प्रयोगांच्या (ॲक्टच्या) कार्यक्रमाचा, प्रसंग आला की, गाणारा माणूस बेसूर होताच त्याच्यावर टोमॅटोंचा मारा होतो आणि विंगेतून एक लांब, बाकदार काठी येऊन त्याला आत ओढून नेते. प्रत्यक्षात असे घडत असे का? एखादा ॲक्ट प्रेक्षकांना आवडला की नाही, हे तिथे कशावरून ठरत असे? आणि एकच ॲक्ट वर्षानुवर्षे कसा चालत असे?

उत्तर : असे घडले आहे, परंतु फार थोड्या ठिकाणी. बाकदार काठी ही हौशी कलाकारांसाठी राखून ठेवलेल्या रात्रींची गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या मायनर्स बावरी थिएटरमध्ये 1903 च्या सुमारास ती प्रथम वापरली गेली, असे सामान्यतः मानले जाते. त्या रात्री लोक मुळात नवख्यांची फजिती पाहायलाच येत आणि काठी आणा, असा ओरडा गॅलरीतून सुरू होणे हा करमणुकीचाच भाग असे. भाजीपाल्याच्या माऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चेरी भगिनींचे आहे. आयोवा राज्यातल्या मॅरियन गावच्या या बहिणी गाणी, कवितावाचन आणि सद्बोधपर देखावे असा कार्यक्रम अत्यंत गांभीर्याने करत. नाट्यगृहचालक ऑस्कर हॅमरस्टाइनने नोव्हेंबर 1896 मध्ये त्यांना आपल्या तोट्यात चाललेल्या ऑलिंपिया नाट्यगृहात आणले. त्या वाईट आहेत, अशी ख्याती झाल्यामुळेच लोक गर्दी करत. रंगमंचापुढे जाळी लावावी लागे, ही मात्र आख्यायिका आहे. पुढे एका वृत्तपत्राने छापलेल्या अत्यंत बोचऱ्या परीक्षणाविरुद्ध या बहिणींपैकी एकीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1901 मध्ये निकाल वृत्तपत्राच्या बाजूने दिला. जाहीर प्रयोगावर कठोर टीका करण्याचा अधिकार मान्य करणारा निकाल म्हणून तो आजही उद्धृत होतो. त्या बहिणी मनापासून काम करत होत्या आणि लोक मात्र त्यांना दुखावण्याची मजा विकत घेत होते, याचे मला वाईट वाटते.

नियमित चालणाऱ्या मोठ्या नाट्यगृहांत मात्र असे वागणे खपवून घेतले जात नसे. एकोणिसाव्या शतकातील व्हरायटीचे, म्हणजे व्हॉडव्हिलच्या आधीच्या रूपाचे, कार्यक्रम दारूच्या गुत्त्यांना लागून असलेल्या सभागृहांत होत, आणि तिथला प्रेक्षक बहुतांशी पुरुष व गोंगाट करणारा असे. टोनी पास्टरने 1881 मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर आपले नाट्यगृह उघडले, ते स्त्रियांना आणि कुटुंबांना निःसंकोचपणे येता यावे म्हणून दारू आणि अश्लीलता दूर ठेवून. बॉस्टनचा नाट्यगृहमालक बी. एफ. कीथ याने आपला सहकारी एडवर्ड आल्बी याच्या साथीने हेच तत्त्व अधिक कडकपणे राबवले. कलाकारांना शिवराळ शब्द उच्चारण्यास बंदी होती, आणि प्रेक्षकांनाही सूचनापत्रे दिली जात : पाय आपटू नयेत, काठ्या जमिनीवर ठोकू नयेत, पसंती टाळ्यांनी दाखवावी. नापसंती दाखवण्याची जुनी साधने अशा रीतीने काढून घेतली गेली, तेव्हा प्रेक्षकांच्या हाती एकच उरले, ते म्हणजे गप्प बसणे.

अनुभवी नटांना या शांततेचीच सर्वांत जास्त धास्ती वाटे, असे त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते. हुर्यो उडाली तर निदान उत्तर तरी देता येते. विनोदानंतर जिथे हशा यायला हवा, तिथे कार्यक्रमपत्रिकेची पाने उलटल्याचा आवाज आणि चार-दोन खोकले ऐकू आले, तर पुढची दहा मिनिटे कशी काढायची, हा प्रश्न एकट्याने सोडवावा लागे.

ॲक्ट रंगणार की पडणार, हे केवळ गुणवत्तेवर अवलंबून नव्हते. कार्यक्रमात साधारण आठ-नऊ ॲक्ट असत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असे. पहिल्या जागेवर कसरतपटू किंवा शिकवलेले प्राणी येत, कारण त्या वेळी लोक अजून आत येत असत, खुर्च्यांची आदळआपट चालू असे आणि शब्द कोणालाच ऐकू गेले नसते. त्यामुळे या जागेला न बोलणारा ॲक्टच लागे. दुसरी जागा बहुधा गाणाऱ्या किंवा नाचणाऱ्या जोडीला मिळे, आणि ती पडद्याच्या पुढच्या अरुंद पट्टीत काम करत असताना मागे पुढच्या नाटुकल्याचे नेपथ्य उभे केले जाई. मध्यंतरापूर्वीची जागा मानाची होती. सर्वांत मोठ्या कलाकाराला शेवटची नव्हे, तर शेवटून दुसरी जागा देत, कारण शेवटच्या ॲक्टच्या वेळी लोक टोप्या आणि कोट शोधू लागलेले असत. त्या पाठमोऱ्या गर्दीपुढे ट्रापीझवर (कसरतीच्या उंच झुल्यावर) लोंबकळणाऱ्याने जिवावर उदार होऊन कसरत केली, तरी टाळ्या तुरळकच पडत. एखाद्या ॲक्टला किती दाद मिळाली, हे वाचताना तो कितव्या जागेवर होता, हे आधी पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ही जागा सोमवारी पक्की होई. आठवड्याचा कार्यक्रम सोमवारी दुपारच्या खेळाने सुरू होत असे आणि तो पाहून व्यवस्थापक क्रम बदलत. ज्याचे नाव वरच्या जागेसाठी छापले आहे, त्याला संध्याकाळी दुसऱ्या जागेवर यावे लागणे, ही सगळ्या विंगेला दिसणारी मानहानी होती. कीथच्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक प्रत्येक ॲक्टवर लेखी अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवत. ॲक्ट किती मिनिटे चालला, पडद्यापुढे झाला की पूर्ण रंगमंचावर, हशा कुठे आला, काय कापायला सांगितले, हे सारे त्यात असे. 1906 नंतर मोठ्या नाट्यगृहांचे बुकिंग प्रामुख्याने कीथ आणि आल्बी यांच्या एका कार्यालयातून होऊ लागले, त्यामुळे एका शहरातील थंड स्वागताचा परिणाम दुसऱ्या शहरातल्या पगारावर होऊ शके.

प्रेक्षकांनी ॲक्टला घडवले, याची दोन उदाहरणे मला विशेष प्रिय आहेत. विल रॉजर्स हा दोरीचे फास टाकण्यात निष्णात होता आणि सुरुवातीला तो रंगमंचावर बोलतही नसे. एकदा आपल्या संथ, गावरान बोलीत तो एक करामत समजावून सांगू लागला आणि लोक हसले. त्याला ते लागले, पण सहकाऱ्यांनी त्याची समजूत घातली, आणि पुढे त्याचे बोलणेच दोरीपेक्षा मोठे आकर्षण ठरले. दुसरे उदाहरण जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांचे. 1920 च्या दशकात ही जोडी सुरू झाली, तेव्हा विनोदी उत्तरे बर्न्सने स्वतःकडे ठेवली होती आणि ग्रेसीने फक्त प्रश्न विचारायचे होते. प्रेक्षक मात्र तिच्या प्रश्नांना हसू लागले आणि त्याच्या उत्तरांना हसेनात. बर्न्सने अभिमान बाजूला ठेवून विनोद तिला दिले. लोकांना ती इतकी आवडे की, आपल्या सिगारचा धूर तिच्या चेहऱ्यावर गेला तरी ते आपल्यावर नाराज होतील, म्हणून रंगमंचावर वाऱ्याची दिशा पाहून आपण उभे राहत असू, अशी आठवण तो सांगत असे.

नापसंती नेहमी कलेच्या दर्जाबद्दलच असे, असेही नाही. आयरिश मोलकरणींची टिंगल करणारा रसेल बंधूंचा ॲक्ट बरीच वर्षे लोकप्रिय होता. 1907 मध्ये न्यूयॉर्कमधील आयरिश संघटनांच्या लोकांनी नाट्यगृहात संघटितपणे हुर्यो उडवून आणि अंडी फेकून तो बंद पाडण्याचा प्रयत्न केला. तिथे फेकलेल्या अंड्यामागे खरी दुखावलेली माणसे होती. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना अनेक नाट्यगृहांत फक्त वरच्या गॅलरीत बसू दिले जाई. तेव्हा ‘प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले’ असे त्या काळाबद्दल लिहिताना कोणते प्रेक्षक कुठे बसले होते, हे विसरणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. एकच ॲक्ट वर्षानुवर्षे चालत असे, कारण कलाकार दर आठवड्याला नव्या गावी जाई. त्याच गावी परत यायला बराच काळ लागे आणि तोपर्यंत लोकांना आवडलेला ॲक्ट पुन्हा पाहायचाच असे. या फिरतीत प्रत्येक शब्द शेकडो वेळा तपासला जाई : एखाद्या वाक्याआधी अर्धा क्षण थांबल्यास हशा वाढतो, नाव बदलल्यास तो जातो, हे ज्ञान त्याला फक्त प्रेक्षकांकडूनच मिळू शके. रेडिओ आल्यावर हे गणित कोलमडले. वीस वर्षांत घोटून तयार केलेली सतरा मिनिटे एका रात्रीत साऱ्या देशाने ऐकली की, पुढच्या आठवड्यासाठी कलाकाराकडे काहीच शिल्लक राहत नसे. बोलपटांनी दुसरीकडून प्रेक्षक ओढून घेतले. न्यूयॉर्कच्या ज्या पॅलेस नाट्यगृहात काम मिळणे ही 1913 पासून व्हॉडव्हिलमधल्या प्रत्येकाची आकांक्षा होती, तिथे नोव्हेंबर 1932 मध्ये केवळ चित्रपट दाखवायला सुरुवात झाली.